'नॉमिनेट' झाले म्हणजे काय?

हल्ली मैफलींच्या पत्रिकांवर गायकाच्या नावाखाली 'अमुक पुरस्कारासाठी नॉमिनेट' असे छापलेले आढळते. शब्द भारदस्त खरा. पण त्याचा अर्थ कोणता घ्यावा? मूळ लॅटिन धातूचा अर्थ नाव घेणे एवढाच. इंग्रजीत त्याला पुढे नेमणूक करणे आणि उमेदवार म्हणून नाव सुचवणे असे अर्थ चिकटले. १९८६ साली पंडित रविशंकर राज्यसभेवर 'नॉमिनेट' झाले, ती राष्ट्रपतींनी केलेली नेमणूक होती. ग्रॅमीत मात्र अंतिम यादीत आलेल्यालाच हा शब्द लागतो. नुसते ध्वनिमुद्रण पाठवणाऱ्याला नाही. आणि पद्म पुरस्कारांसाठी तर आता स्वतःचे नाव स्वतःच सुचवता येते. त्यालाही नॉमिनेशनच म्हणतात!

ही सोय वाईट नव्हे. दरबारात कुणी शब्द टाकल्यावाचून गवयाला दार उघडत नसे, हे आमच्या घराण्याला पुरते ठाऊक आहे. तेव्हा अर्ज करण्यात कमीपणा मुळीच नाही. पण तंबोरे जुळले म्हणजे मैफल रंगली असे होत नाही. अर्ज केला असेल तर 'अर्ज केला' असे लिहावे. निवड झाली असेल तर ती कोणी केली, हेही सांगावे. ऐकणाऱ्याला एवढे कळण्याचा हक्क आहे.