सियाचीनचा जवानही खाली उतरतो, तुम्ही कधी उतरणार?



परवा बॅचमधला एक जण अभिमानाने म्हणाला, "सर, दोन वर्षांत एक दिवस दुकान बंद नाही. सियाचीनवरचा जवान सुट्टी मागतो का?" टाळ्या पडल्या. मी मात्र गप्प. कारण ते वाक्य माझंच, माझ्या एका जुन्या व्हिडिओतलं. आज मी ते मागे घेतोय.

सियाचीन म्हणजे काय, ते आधी नीट बघा. १३ एप्रिल १९८४ ला 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं, तेव्हापासून आपलं सैन्य तिथे आहे. काही चौक्या २०,००० फुटांच्याही वर. पारा उणे ५० पर्यंत जातो. प्यायचं पाणीसुद्धा स्टोव्हवर बर्फ वितळवून करायचं. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानेच जास्त जीव घेतलेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि आपण १० जवान गमावले. त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला.

मग अशा जागी सैन्य नुसत्या जोशावर चालतं का? अजिबात नाही. आधी प्रशिक्षण, मग टप्प्याटप्प्याने उंचीची सवय. बर्फावर चालताना सगळे एका दोराला बांधलेले. एक भेगेत पडला तर बाकीचे धरतात. हेलिकॉप्टर कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून साठा आधीच भरलेला. आणि चौकीवरची ड्युटी ठरावीक काळाची. मुदत संपली की तुकडी खाली, दुसरी वर.

आपल्या पुण्याच्या सुमेधा आणि योगेश चिथडे यांनी काय केलं? 'जवान शूर आहेत, सोसतील' असं म्हणून ते थांबले नाहीत. स्वतःचे दागिने विकून सुरुवात केली, लोकांकडून निधी उभा केला आणि २०१९ मध्ये सियाचीनच्या जवानांसाठी ऑक्सिजन प्रकल्प उभा राहिला. शौर्यालाही श्वास लागतो, हे त्यांना कळलं होतं.

आता माझं सांगतो. पहिली तीन वर्षं मी स्टेशनरीचं दुकान एकट्याने ओढलं. ऐन जूनमध्ये, शाळा उघडताना, डेंग्यू झाला. अकरा दिवस शटर खाली! कुठला माल कुणाकडून येतो, कुणाची उधारी किती, सगळं माझ्या डोक्यात. बायकोकडे एकाही होलसेलरचा नंबर नव्हता. मला वाटायचं मी लढतोय. खरं तर मी दोर न बांधताच चालत होतो.

म्हणून या आठवड्यात तीन कामं करा. उधारी आणि होलसेलरचे नंबर वहीत उतरवा. तुमच्याशिवाय दुकान उघडू शकेल असा एक माणूस तयार करा. आणि महिन्यातला एक दिवस स्वतः सुट्टी घ्या. काय अडतं, ते त्याच दिवशी कळेल.

सदाशिव पेठेतल्या '१ ते ४ बंद'वर लोक खुशाल हसू देत. आपली जेवायची वेळ ठरवून पाळणारा दुकानदार मला तरी आता शहाणाच वाटतो.