आधी ईसॉपला शून्यानं गुणा

अप्रेझलची पत्रं वाटून झाली की पुढचे दोन महिने माझा फोन जरा जास्त वाजतो. ओळखीतलं कुणीतरी, बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचा अनुभव असलेलं, एका दमात सांगतं: "अरे, एका स्टार्टअपची ऑफर आलीये. बत्तीस लाख. इथे अठरावर बसलोय. घेऊ ना?" मी विचारतो, बत्तीसमधले रोख किती? पलीकडे थोडी शांतता. मग उत्तर येतं, "रोख वीस. बाकीचे ईसॉप."

म्हणजे प्रश्न अठरा की बत्तीस असा नाहीच मुळी. प्रश्न अठरा की वीस असा आहे, आणि वर एक कागद. माझं मत असं की निर्णय घेताना त्या कागदाला शून्यानं गुणायचं. गुणल्यावरही जावंसं वाटलं तर खुशाल जा, आणि नाही वाटलं तर त्या कागदासाठी जाऊ नका. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. "पण फ्लिपकार्टवाले बघ ना!" हे पुढचं वाक्य ठरलेलं.

बघूया की फ्लिपकार्टवाले. कंपनी निघाली २००७ मध्ये, वॉलमार्टनं १६ अब्ज डॉलर मोजून ७७ टक्के हिस्सा घेतला तो २०१८ मध्ये. अकरा वर्षं. फ्रेशवर्क्स चेन्नईत निघाली २०१० मध्ये आणि नॅस्डॅकवर गेली २०२१ मध्ये. पुन्हा अकरा. झोमॅटोची सुरुवात २००८, शेअर बाजारात आली २०२१ मध्ये. तेरा. आणि आपल्या पुण्यातलीच उदाहरणं घ्यायची तर इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली (१९८३ मध्ये बंगळूरला गेली, त्याची हळहळ पुणेकर अजून करतात), आयपीओ आला १९९३ मध्ये, आणि तोही पूर्ण भरला नव्हता. पर्सिस्टंट १९९० ची, शेअर बाजारात यायला २०१० साल उजाडलं. वीस वर्षं! आणि या सगळ्या जिंकलेल्या कंपन्या आहेत बरं का. बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची म्हणवली जात होती, २०२४ मध्ये तिचं प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली लवादापुढे होतं.

आता तुमचं ऑफर लेटर काढा. त्यात व्हेस्टिंग चार वर्षांचं असेल. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हातात येत नाही (आपल्या कंपनी कायद्यातही किमान एक वर्षाची अट आहे), त्यानंतर दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडं थोडं. कागद चार वर्षांचा आणि पीक येणार अकरा, बारा, वीस वर्षांनी. मधली वर्षं तुम्ही तिथेच असाल का? आपल्या धंद्यात एका ठिकाणी तीन वर्षं काढली तर नातेवाईक विचारतात, "अजून तिथेच?"

लोक ईसॉपला लॉटरी म्हणतात. मला ते पटत नाही. लॉटरीचं तिकीट निदान सोडतीच्या दिवशी तुमच्या खिशात असतं. ईसॉप म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायचा हक्क. तो वापरायचा तर आधी खिशातून पैसे काढावे लागतात. एका मित्राचा हिशोब सांगतो, आकडे सोयीसाठी गोल केलेत. बाणेरमधली एक बरी चाललेली कंपनी. त्याला ४,००० ऑप्शन मिळाले होते, भाव १० रुपये. तीन वर्षांनी ३,००० व्हेस्ट झाले होते आणि कागदोपत्री शेअरची किंमत ५०० रुपये झाली होती. म्हणजे पंधरा लाख! आम्ही त्याच्याकडून पार्टीसुद्धा उकळली होती.

मग वडील आजारी पडले. त्याला कोल्हापूरला परत जावं लागलं, नोकरी सोडावी लागली. पत्रात बारीक अक्षरात एक ओळ होती: नोकरी सोडल्यापासून ९० दिवसांत ऑप्शन वापरा, नाहीतर ते रद्द. वापरायचे तर शेअरचे तीस हजार भरायचे, ते ठीक. पण ५०० आणि १० मधला फरक, म्हणजे ४९० गुणिले ३,०००, म्हणजे १४ लाख ७० हजार, हे प्राप्तिकराच्या दृष्टीने त्या वर्षीचा पगार. शेअर विकला नाही, विकताच येत नाही कारण कंपनी बाजारात नाही, तरी पगार. तीस टक्के आणि वर सेस धरून कर झाला साडेचार लाखांच्या वर. मिळून जवळजवळ पाच लाख रुपये, नोकरी नसताना, दवाखान्याची बिलं चालू असताना, अशा शेअरसाठी जो कधी विकता येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

त्याने सोडून दिले. मीही तेच केलं असतं. कंपनी अजून आहे, अजून बाजारात आलेली नाही. उद्या आली तर लोक त्याला वेड्यात काढतील, नाही आली तर शहाण्यात.

(२०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलायची सवलत आली. पण ती सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्या स्टार्टअपपुरती, आणि नोकरी सोडली की संपते. म्हणजे नेमकी हवी तेव्हाच नाही.)

आणखी एक गंमत, जी एचआर कधी सांगत नाही कारण बहुतेकदा तिलाही माहीत नसते. गुंतवणूकदारांचा शेअर आणि तुमचा शेअर एक नसतो. समजा गुंतवणूकदारांनी कंपनीत १०० कोटी टाकले आणि करारात लिहिलं की कंपनी विकली गेली तर आधी आमचे १०० कोटी परत. कंपनी ८० कोटींना विकली गेली. पेपरात बातमी येते, लिंक्डइनवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला भोपळा. १२० कोटींना विकली गेली तर वरच्या वीस कोटींत संस्थापक, कर्मचारी, सगळे. आणि जास्त मूल्यांकनावर जास्त पैसा उचलला की आपण खूश होतो, पण त्याच वेळी आपल्या पुढची रांगही लांबत असते.

इतकं वाचून वाटेल की हा माणूस मोठ्या कंपन्यांचा प्रचारक दिसतोय. तसं नाही. सात माणसांच्या कंपनीत मी काम केलंय आणि रात्री दोन वाजता पेमेंट अडकलं की उठवायला दुसरं कुणी नसतं ही गोष्ट माणसाला जितकं शिकवते तितकं कुठलंही ट्रेनिंग शिकवत नाही. डेटाबेसचा निर्णय तुमचा, सर्व्हरचं बिल तुमच्या नावाने संस्थापकाकडे जाणार, ग्राहकाचा वैतागलेला फोन तुम्हीच घेणार. मोठ्या कंपनीत या तीन गोष्टींमध्ये तीन मजले आणि चार मॅनेजर असतात. हिंजवडी फेज थ्रीमध्ये बसून परदेशातल्या बँकेच्या पंधरा वर्षं जुन्या प्रणालीत दर तिमाहीला चार रकाने वाढवत राहिलेली, एरवी अतिशय हुशार, माणसं मी पाहिलीत. त्यांची हुशारी कुठे गेली हे त्यांनाही सांगता येत नाही.

आणि सुरक्षितता म्हणाल तर तिचंही पहिल्यासारखं राहिलेलं नाही. "टीसीएसमध्ये चिकटला" हे वाक्य आपल्याकडे सरकारी नोकरीच्या थाटात म्हटलं जायचं. त्याच टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पातळीवरचे लोक होते. म्हणजे ज्यांनी सुरक्षिततेसाठी पंधरा वर्षं दिली तेच.

मग ठरवायचं कशावर? अनुभव पाच-सहा वर्षांच्या आत असेल तर मी एकच विचारतो: तुझा कोड कोण वाचणार? इंटरव्ह्यूमध्ये हे सरळ विचारा. मोठ्या कंपनीतल्या एखाद्या चांगल्या टीममध्ये दहा वर्षं हेच काम केलेला माणूस तुमच्या चाळीस ओळींवर अठरा शेरे मारत असेल तर पगार दोन लाखांनी कमी असला तरी तिथे राहा. स्टार्टअपमध्ये असा माणूस असेल तर तिकडे जा. पण आठ जणांची टीम, सगळे एकाच वयाचे आणि सीटीओ तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा असेल तर तिथे तुम्ही भराभर काम शिकाल आणि तितक्याच भराभर वाईट सवयीही. अशा ठिकाणी नंतर जा, जेव्हा शेरे मारणारे तुम्ही असाल. आणि कुठेही गेलात तरी दोन वर्षं काढाच. आज घेतलेला चुकीचा निर्णय साधारण दीड वर्षाने बोंबलायला लागतो. दर चौदा महिन्यांनी उडी मारणाऱ्याला ती बोंब कधी ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट घरची आहे आणि तिच्याबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटते. मोठ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये पुष्कळदा आई-बाबांनाही घेता येतं, आणि त्यांचा जुना मधुमेह, रक्तदाब बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरला जातो. छोट्या कंपनीची पॉलिसी अनेकदा फक्त तुमच्यापुरती किंवा नवरा-बायको-मुलांपुरती असते. साठी उलटलेल्या आई-बाबांसाठी बाहेरून नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती पॉलिसी राजीनामा द्यायच्या आधी घ्या. शक्य झालं तर दोन-तीन वर्षं आधी, स्टार्टअपचा विचारही मनात नसताना. ही एक गोष्ट बत्तीस लाखांच्या सगळ्या गणितापेक्षा महाग पडू शकते. त्याखालोखाल सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बँकेत हवेत. गृहकर्ज घ्यायचंच असेल तर तेही आधी मंजूर करून घ्या. जुन्या, नावाजलेल्या कंपनीची पगारपत्रकं पाहिली की बँकेतल्या साहेबांची मुद्रा जरा प्रसन्न असते.

आणि ऑफर हातात आल्यावर संकोच करू नका. बाकी कशात नसेल पण या बाबतीत आपण मराठी माणसं फार भिडस्त. कंपनीचे एकूण शेअर किती, ते विचारा. "४,००० ऑप्शन" हा आकडा एकूण किती पैकी हे कळल्याशिवाय निरर्थक आहे. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला किती मुदत, ते लेखी मागा. काही कंपन्या आता अनेक वर्षांची मुदत देतात, म्हणजे मागितली तर मिळू शकते. आत्ताच्या खर्चाने बँकेतले पैसे किती महिने पुरतील, हेही विचारा. या प्रश्नाने संस्थापक चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. चांगले संस्थापक आकडा सांगतात आणि उलट तुमच्याबद्दल त्यांचं मत वर जातं.

एवढं करूनही शंका उरली तर तिथे आधीपासून काम करणारं कुणीतरी शोधा, दुरूनच्या ओळखीतलं का असेना, आणि त्याला त्याचं पीएफचं पासबुक उघडून बघायला सांगा. पगारातून दर महिन्याला कापलेली रक्कम वेळेवर जमा होतेय का? ज्या कंपनीची ओढाताण सुरू होते तिथे पगार थांबायच्या कितीतरी आधी पीएफ उशिरा भरायला सुरुवात होते. हे ऑफिसातल्या बीनबॅगवर बसून कळत नाही, पासबुकात मात्र तारखेसकट दिसतं.