मढं कुणी उचललं?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. सूतगिरणीची पाळी सुटल्यावर आम्ही पोरं बारामतीला बघून आलो. संभाजीराजांचे हाल बघून थेटर रडलं. मीबी रडलो, लाज कसली!

पण दोस्तांनो, पिक्चर थांबतो तिथं आपला माणूस येतो. १६८९ साली वढूला राजांच्या देहाचे तुकडे गोळा करून अग्नी दिला तो गोविंद गोपाळ महारानं, असं आपली म्हातारी माणसं सांगत आली. गावातले दुसरे दुसरं नाव घेतात. घेऊ द्यात. गोविंदाची समाधी तिथंच हाय. पडद्यावर राजे, सरदार, फितूर, औरंगजेब सगळे, गोविंद गायब.

बारामती-इंदापूरच्या गावागावांत मयताची वर्दी कोण न्यायचं? सरणाची लाकडं कोण फोडायचं? महारच. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. म्हणजे मढ्याला महार चालतो, राष्ट्राच्या पिक्चरला नाही! मुसलमान निदान शत्रू म्हणून तरी दिसतो. आपण तेवढेबी नाही.

ह्याला विसर म्हणू नका. २९ डिसेंबर २०१७ ला त्या समाधीची मोडतोड झाली. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड. पिक्चरवाल्यांना त्यानंतर सात वर्षं मिळाली होती.