निर्जन वाटेवरचा माणूस

हिमालयाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात 'निर्जन' हे विशेषण इतक्या सहजतेने येते, की ते वर्णन आहे की केवळ सवय, असा प्रश्न पडावा. निर्जन वाट, निर्जन खिंड, निर्जन गाव. गाव निर्जन कसे असेल, अशी शंका लिहिणाऱ्याला येत नाही. मलाही ती आली नव्हती.

२०१९च्या जूनमध्ये, महाविद्यालयाच्या उन्हाळी सुट्टीच्या अखेरीस, मी नेपाळातील अन्नपूर्णा परिक्रमेला गेलो. मर्स्यांग्दी नदीच्या काठाने चढत मनांगला जायचे, ५,४१६ मीटर उंचीची थोरांग खिंड ओलांडायची आणि मुक्तिनाथला उतरून काली गंडकीच्या खोऱ्यात यायचे, असा हा मार्ग. गर्दीचा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. जूनमध्ये पाऊस येऊ घातलेला असतो, खालच्या टप्प्यात जळवा असतात, दरडींची भीती असते. म्हणून प्रवासी नसतात. मला तेच हवे होते. परतल्यावर मी एका लहानशा नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला. 'निर्जन' हा शब्द त्यात सात वेळा आला आहे.

त्याच लेखात एक वाक्य आहे. माझे ओझे वाहणारा भरिया मुक्कामी पोहोचला की बराच वेळ दक्षिणेच्या आभाळाकडे पाहत बसे. त्या नजरेत मला हिमालयाची आदिम, निरिच्छ शांतता दिसली, असे मी लिहिले. वाक्य मला आवडले होते. पुढे प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी ते वर्गात वाचूनही दाखवले. तेव्हा मावळातून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, जूनमध्ये ना? मग तो लावणीचं बघत असणार. आमचे वडील असंच बघतात."

मी निरुत्तर झालो. भरिया बेसीसहरच्या खालच्या अंगाचा, भातशेतीच्या मुलखातला होता. परतीला किती दिवस लागतील, असे त्याने मला दोनदा विचारलेही होते. पाऊस त्याच्या खाचरात त्याच्याआधी पोहोचतो की काय, या काळजीने पाहणाऱ्या माणसाला मी निरिच्छ ठरवले होते.

मग उरलेला लेखही मी नव्याने वाचला. मनांगच्या वाटेवर काही घरांना कुलपे होती. 'काळाने गिळलेली गावे' असे मी त्यांना म्हटले आहे. वस्तुतः मे-जूनमध्ये त्या भागातली पुष्कळ माणसे चार हजार मीटरहून उंच कुरणांवर यार्सागुम्बा शोधायला गेलेली असतात. जमिनीतल्या अळीवर वाढणारी ही बुरशी औषधी म्हणून मोठ्या किमतीला विकली जाते आणि काही आठवड्यांची ही वेचणी अनेक घरांना वर्षभराचा आधार देते. म्हणजे मी ज्याला शांत मोसम म्हणत होतो, तो वर वेचणीचा आणि खाली लावणीचा, असा तिथल्या माणसांच्या धांदलीचा काळ होता. शांतता फक्त माझ्यापुरती होती.

ही वाटही आपल्यासाठी झालेली नाही. मनांगचा भाग परदेशी पदयात्रिकांना १९७७मध्ये खुला झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून काली गंडकीच्या खोऱ्यातून तिबेटचे मीठ खाली आणि धान्य वर जात होते. मुक्तिनाथला हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू जात होते. आपल्या देवघरांतले शाळिग्राम याच नदीच्या पात्रातले. चढावरच्या चौताऱ्या, म्हणजे आपल्याकडचे पारच, ओझेकऱ्यांना टेकता यावे म्हणून बांधलेल्या आहेत. मी त्यांवर बसून सूर्यास्त पाहिले.

प्रवासवर्णन आत्मनिष्ठ असते, हे आपण शिकवतो आणि ते खरेही आहे. परंतु आत्मनिष्ठेच्या नावाखाली समोरच्या माणसाचे काम, त्याचा हंगाम आणि त्याची घाई पुसण्याची मुभा आपण लेखकाला देऊन टाकली आहे, असे मला वाटते. १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' या संदर्भात पुन्हा वाचावा. ते दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फेडण्यासाठी निघाले होते. पोटासाठी वाट चालणाऱ्याला वाटेवरची माणसे दिसतात, कारण त्याचे त्यांच्यावाचून भागत नाही. आमचेही भागत नव्हतेच. पण पैसे मोजल्यामुळे आम्हांला ते विसरता आले.

यावर कुणी म्हणेल, एकांताची ओढ हा अपराध आहे काय? मुळीच नाही. थोरांगच्या खिंडीत पहाटे जे वाटले ते खोटे नव्हते आणि ते लिहायलाच हवे. मात्र तो एकांत मला मिळावा म्हणून माझी पिशवी दुसऱ्याच्या कपाळावरच्या नाम्लोला टांगलेली होती, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे होते. त्याने अनुभव उणावला नसता. उलट तो अधिक विश्वसनीय झाला असता.

आता कोणतेही प्रवासवर्णन शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतो : लेखक गेला तेव्हा तिथल्या माणसांचा कोणता हंगाम चालू होता? बहुतेक पुस्तकांत याचे उत्तर सापडत नाही. माझ्या लेखातही नाही. छापलेले वाक्य आता मागे घेता येत नाही. आणि तो लावणीला वेळेत पोहोचला का, हे विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही.