दिवाळे काढायलाही ऐपत हवी काय?

नोकरी गेली, धंदा बसला, मिळकत थांबली. देणे मात्र व्याजासह वाढतच आहे. अशा माणसाने करावे काय? नादारीचा अर्ज करावा, असे कायदा सांगतो. त्यासाठी मुंबई शहरात १९०९ चा आणि मुंबईबाहेर १९२० चा कायदा आहे. देणे ५०० रुपयांचे असले की अर्ज करता येतो. उत्पन्न नाही म्हणून कोणी अडवीत नाही. परंतु आत शिरणे निराळे आणि मोकळे होऊन बाहेर पडणे निराळे! १९२० च्या कायद्यान्वये, नादाराची मालमत्ता रुपयामागे ५० पैसेही फेडण्यास पुरत नसेल, तर ही अवस्था आपल्या दोषाने ओढवलेली नाही, हे त्यानेच न्यायालयास पटवून द्यावयाचे. एरवी पूर्ण मुक्तता नाही. ज्याच्यापाशी फुटकी कवडी नाही, त्याच्याकडे पन्नास पैशांचा हिशेब मागणारा हा न्याय आम्हांस अजब वाटतो.

संसदेस याची जाणीव नव्हती असे नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत तिने 'नव्या प्रारंभा'ची तरतूद केली. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणे ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा ऋणकोची सुमारे सहा महिन्यांत सुटका व्हावी, ही ती योजना. मर्यादा तोकड्या, पण दिशा योग्य. पुढे काय झाले? १ डिसेंबर २०१९ रोजी व्यक्तींविषयीचा भाग अमलात आला, तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता! धनकोंच्या वसुलीची सोय झाली. निष्कांचनाची सुटका कागदावरच राहिली.

यामुळे लबाडांचे फावेल, अशी हाकाटी होईल. पण ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसलेला यांत भेद केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० सालीच बजावले आहे. लबाडाची चौकशी जरूर करावी. त्याच्या नावाने गरजवंताला ताटकळत ठेवू नये.

घेतलेले फेडावे, हा आपला संस्कार आम्हांसही मान्य आहे. परंतु नादारास जखडून ठेवल्याने धनकोच्या पदरी छदामही पडत नाही; मोकळा झाला तर तो उद्या चार पैसे मिळवील आणि ताठ मानेने संसार करील. सरकारने मर्यादा आजच्या महागाईस धरून वाढवाव्यात आणि 'नवा प्रारंभ' विनाविलंब अमलात आणावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.