आधीं मांड, मग उडी

उन्हाळ्याच्या सुटींत माथेरान किंवा महाबळेश्वर येथें भाड्याच्या घोड्यावर बसून आलेला विद्यार्थी घोडेस्वारी शिकूं लागला, कीं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "उडी केव्हां शिकवणार?" वडिलांनाही त्याचेंच कौतुक. पहिला महिना संपतो न संपतो तोंच ते शिक्षकांस, चिरंजीवांची काठी किती फुटांवर आली, हें विचारूं लागतात. कन्यांचे पालकही यांत मागें नाहींत. आमच्या मतें हा प्रश्न अवेळीं विचारला जातो. अडथळा ओलांडतो तो घोडा. स्वाराचें काम त्यास तेथवर नीट आणणें आणि मग त्याच्या आड न येणें, एवढेंच आहे. परंतु तेवढें सपाट जमिनीवर साधल्यावांचून उडीस हात घालूं नये.

लगामाचें लोखंड घोड्याच्या जिभेवर आणि दांतांमधील उघड्या हिरडीवर टेकतें. ज्याची मांड पक्की नाहीं, तो उडीच्या वेळीं मागें राहतो आणि तोल सावरण्यासाठीं लगामास लोंबकळतो. घोड्यास मान पुढें लांबवावयाची असते, नेमका त्याच क्षणीं त्याच्या तोंडास हिसका बसतो. असे चार हिसके बसले, कीं पांचव्या वेळीं तो अडतो. मग 'घोडा खट्याळ आहे' असें म्हणून त्याच्यावर चाबूक उगारतात! अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास.

एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या घोडदळांतून हीच चूक पद्धति म्हणून शिकविली जात असे. स्वारानें मागें रेलावें, पाय पुढें ताणावे व लगाम ओढून धरावा, असा दंडक होता. इटलीच्या घोडदळांतील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनीं मोकळ्या घोड्यांच्या उड्या निरखून पाहिल्या. घोडा पुढच्या पायांवर उतरतो व मानेनें तोल सांभाळतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं रिकिबी आखूड केल्या, स्वारास खोगिरावरून किंचित् उचलून पुढें झुकविलें आणि त्याचे हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाऊं दिले. आज उड्यांच्या मैदानांवर सर्वत्र हीच बैठक दिसते. पण ती नुसती पाहून उचलतां येत नाहीं. हातांचा आधार न घेतां शरीर तोलून धरणें हें पायांचें व पाठीचें काम आहे, आणि त्यास महिने लागतात.

ते महिने कसे घालवावे? शिक्षकानें लांब दोरीवर घोडा वर्तुळांत फिरवावा आणि विद्यार्थ्यानें रिकिबी सोडून, लगाम हातीं न घेतां, दुडक्या चालीवर बसावें. हें कंटाळवाणें आहे, आणि पहिले आठ दिवस अंग ठणकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेंत राहूं लागलीं, कीं हात आपोआप शांत होतात. मग लगाम घ्यावा आणि वीस मीटर व्यासाचें वर्तुळ काढावें. कागदावर तें जितकें सोपें, तितकेंच मैदानावर अवघड. घोडा तबेल्याच्या बाजूस ओढतो आणि वर्तुळाचें अंडें होतें! आंतल्या पायाच्या दाबानें व बाहेरच्या लगामानें तें पुन्हा गोल करणें, ठरल्या जागीं चाल बदलणें, ठरल्या जागीं थांबणें, यांतच घोडा स्वाराचें ऐकावयास शिकतो. त्यानंतर जमिनीवर सुमारें साडेचार फुटांच्या अंतरानें चारपांच बांबू ठेवून त्यांवरून दुडकीनें जावें. तट्टू लहान असल्यास अंतर कमी करावें.

गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीं येथें सावध व्हावें. मोठ्या घोड्याची दौडींतील एक ढांग सुमारें १२ फुटांची असते. दोन अडथळ्यांमध्यें ४८ फूट असल्यास उतरण्याचे ६ व उठण्याचे ६ वजा जातां तीन ढांगा उरतात. ही मोजणी सपाटीवर मनांत मुरली नसेल, तर अडथळ्यापुढें ती आठवण्यास वेळच मिळत नाहीं.

१९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनीं तीन अंगांच्या स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. या स्पर्धेंतही पहिली परीक्षा सपाटीवरील चालींची असते. रानांतले अडथळे व मैदानांतल्या उड्या त्यानंतर. पुढें घोडेस्वारींत भारतास आशियाई सुवर्णपदक मिळावयास ४१ वर्षें गेलीं. तें २०२३ सालीं हांगचौ येथें ड्रेसाजच्या संघानें मिळविलें. त्या संघांत मुंबईचे हृदय छेडा हेही होते. ड्रेसाजमध्यें ६० मीटर लांब व २० मीटर रुंद आंखणांत केवळ चालींची परीक्षा होते. त्यांत एकही उडी नसते.

पहिल्या बुटक्या अडथळ्यावर आयाळ मुठींत धरावी. यांत कमीपणा मुळींच नाहीं. घोड्याचें तोंड वांचतें. आणि पालकांस आमची विनंति ही, कीं काठीची उंची विचारण्यापूर्वीं मैदानांतून परतणाऱ्या घोड्याच्या ओठांचे कोपरे पहावे. ते सोललेले दिसले, तर चिरंजीवांची उडी आणखी महिनाभर थांबवावी, मग बरोबरीचे सवंगडी तीन फुटांवर गेले असले तरी चालेल.