पदवीचे मोल आणि पगाराचे माप

आरोग्यक्षेत्रात नोकऱ्यांचा दुष्काळ कधीच पडणार नाही, तेव्हा तेथील कोणताही अभ्यासक्रम कितीही पैसे मोजून पदरात पाडून घ्यावा, हा समज आज श्रमजीवी आणि मध्यमवर्गीय घरांत वेदवाक्यासारखा रुजला आहे. या समजाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध साफ खोटा आहे. आणि त्या खोट्यावर ज्यांची दुकाने चालतात, त्यांनीच तो जोपासला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आरोप करायचा तर पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा आम्ही अमेरिकेतून देत आहोत. ‘मेडिकल असिस्टंट’ नावाच्या पदवीचा मोठा बाजार तेथेच भरला, आणि प्रत्येक व्यवसायात मजुरी किती मिळते हे तेथील सरकार दरवर्षी मोजून जाहीर करते. त्यामुळे तेथे जाहिरातीचा शब्द एका पारड्यात आणि पगाराचा आकडा दुसऱ्या पारड्यात टाकून पाहता येतो.

प्रथम हा मेडिकल असिस्टंट कोण, ते पाहू. डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्ण आला की त्याचे वजन, ताप, रक्तदाब पाहणारा, तक्रारी टिपून घेणारा, डॉक्टरांच्या आज्ञेने इंजेक्शन देणारा, हृदयाचा आलेख काढणारा, भेटीच्या वेळा ठरविणारा आणि विमा कंपनीची कागदपत्रे तयार करणारा तो हा कामगार. अमेरिकेत असे सुमारे आठ लाख कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्या स्त्रियांची आहे. त्यांच्यावाचून तेथील एकही दवाखाना आठवडाभर नीट चालणार नाही. कामाची प्रतिष्ठा निर्विवाद आहे. प्रश्न त्या कामाच्या दामाचा आणि त्यासाठी विकल्या जाणाऱ्या पदवीच्या किमतीचा आहे.

आता दाम पाहा. मे २०२४ मध्ये या कामगारांचे मध्यम वार्षिक वेतन ४४,२०० डॉलर होते. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळत होते. त्याच वेळी देशातील सर्व व्यवसायांचे मध्यम वेतन ४९,५०० डॉलर होते. म्हणजे पांढरा कोट चढविणारा हा मनुष्य देशातील मधल्या कामगाराच्याही खालीच उभा आहे! त्याच दवाखान्यातील नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यम वेतन ९३,६०० डॉलर, म्हणजे दुपटीहून अधिक होते. ‘फिजिशियन असिस्टंट’ हा तर निराळाच व्यवसाय. त्याला पदव्युत्तर शिक्षण लागते आणि त्याचे वेतन १ लाख ३३ हजार डॉलरांच्या घरात जाते. दोन्ही नावांत ‘असिस्टंट’ आहे, एवढेच त्यांचे साम्य. नावातील हे साम्य अजाण उमेदवाराची दिशाभूल करण्यास पुरेसे असते, आणि विकणारा ते दूर करण्याची घाई कशाला करील?

कोणी म्हणेल, वेतन कमी असेना, पदवीने ते वाढेल. येथेच खरी मेख आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत या कामासाठी कायद्याने पदवीची अटच नाही. पुष्कळ जण सुमारे वर्षभराचे प्रमाणपत्र घेऊन कामास लागतात. काही जण शालान्त शिक्षणानंतर थेट दवाखान्यातच काम शिकतात. मालक विचारतो तो व्यावसायिक परीक्षेचा दाखला. ती परीक्षा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला देता येते, तशीच दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी घेतलेल्यालाही देता येते. दोघांचे काम एक, परीक्षा एक, खुर्चीही एकच. मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाने विद्यार्थ्याच्या हाती काय येते? बहुतांशी सामान्य शिक्षणाचे काही विषय येतात, आणि कमावता आले असते असे एक वर्ष हातचे जाते.

आता किंमत पाहू. अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत २०२४-२५ साली स्थानिक विद्यार्थ्याला सरासरी वार्षिक शुल्क सुमारे ४,०५० डॉलर होते. गरीब विद्यार्थ्याला सरकारकडून मिळणारी, परत न करावी लागणारी ‘पेल’ मदत त्याच वर्षी ७,३९५ डॉलरपर्यंत होती. म्हणजे पूर्ण मदतीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याला ही विद्या शुल्कापुरती फुकट पडू शकत होती. दुसरीकडे नफ्यासाठी चालविलेल्या खाजगी संस्थेत याच पेशाच्या पदवीसाठी कोणी २०,००० डॉलरांचे कर्ज काढले असे धरू. त्या वर्षीच्या सरकारी विद्यार्थी-कर्जाच्या ६.५३ टक्के व्याजाने दहा वर्षांत ते फेडायचे, तर दरमहा सुमारे २२७ डॉलर आणि एकूण सुमारे २७,३०० डॉलर भरावे लागतात. मध्यम वेतन धरले तरी सात महिन्यांहून अधिक काळाचा संपूर्ण पगार या कर्जात गेला. आणि नवख्याला मध्यम वेतन पहिल्या दिवशी कोण देतो? घरभाडे, मुलांचे पोट आणि मोटारीचे तेल भागवून ज्याच्या हातात महिनाअखेर फारसे उरत नाही, त्याच्याकडून दहा वर्षे हा हप्ता घ्यायचा, याला आम्ही शिक्षण म्हणत नाही, वेठ म्हणतो.

हा केवळ तर्क नव्हे. कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीचा इतिहास अमेरिकेत सर्वश्रुत आहे. तिच्या ‘एव्हरेस्ट’ नावाच्या संस्थांत मेडिकल असिस्टंटचा अभ्यासक्रम विकला जात असे. एप्रिल २०१५ मध्ये तिच्या एका शाखासंस्थेने विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्यांचे आकडे खोटे दाखविल्याबद्दल संघराज्याच्या शिक्षण खात्याने ३ कोटी डॉलर दंड ठोठावला. त्याच महिन्यात कंपनीने उरलेली २८ केंद्रे बंद केली आणि सुमारे १६,००० विद्यार्थी रस्त्यावर आले. २०२२ साली सरकारला या कंपनीच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरांचे कर्ज माफ करावे लागले. पुढील पाप कर्जदारांच्या माथी गेले, मागचे करदात्यांच्या. नफा मात्र आधीच वाटून झाला होता!

सरकार काय करीत होते? ज्या अभ्यासक्रमाच्या कर्जाचा हप्ता पदवीधराच्या कमाईला पेलत नाही, त्याची सरकारी मदत तोडावी, असा नियम २०१४ साली झाला. २०१९ साली पुढच्या राजवटीने तो रद्द केला. २०२३ साली त्यानंतरच्या राजवटीने तो नव्या रूपात पुन्हा आणला. नियम येतात आणि जातात. कर्ज मात्र राहते. तेथे विद्यार्थी-कर्ज असे चिवट असते की मनुष्याचे दिवाळे निघाले तरी ते सहजी सुटत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र आम्ही टाळणार नाही. ही पदवी म्हणजे पुढे परिचारिका होण्याची पहिली पायरी, असे ते सांगतात. पायरी खरी असेल तर आमचा विरोध नाही. परंतु पायरी वरच्या मजल्याला जोडलेली आहे की नाही, हे चढण्यापूर्वी पाहावे लागते. नफेखोर संस्थांत मिळविलेले गुण सार्वजनिक महाविद्यालये पुष्कळदा मान्य करीत नाहीत आणि विद्यार्थ्याला पुन्हा तळापासून आरंभ करावा लागतो. ज्याला परिचारिकाच व्हायचे आहे, त्याने परिचर्येच्याच दारातून जावे. ज्याला लवकर कमवायचे आहे, त्याने सर्वांत आखूड, सर्वांत स्वस्त, पण मान्यताप्राप्त दार निवडावे. मधल्या महागड्या दारातून जाण्याने द्वारपालाखेरीज कोणाचेच हित होत नाही.

आमच्या वाचकांना अमेरिकेची ही कहाणी परकी वाटू नये. आपल्या गावांतही बारावीचा निकाल लागला की पॅरामेडिकल अभ्यासक्रमांच्या जाहिरातींना ऊत येतो, आणि ‘शंभर टक्के नोकरी’ हा मंत्र भिंतीभिंतींवर झळकतो. भारतात या व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय कायदा झाला. संलग्न आरोग्य-व्यावसायिकाच्या शिक्षणास दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास आणि आरोग्यसेवा-व्यावसायिकाच्या पदवीस तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास, हे माप त्याने घालून दिले आहे. सहा महिन्यांच्या वर्गाला ‘पदविका’ म्हणून विकणाऱ्याला हे माप दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा!

म्हणून आमचे पालकांना निक्षून सांगणे आहे. दागिने गहाण टाकण्यापूर्वी संस्थाचालकाला चार प्रश्न विचारा. मान्यता कोणाची? गेल्या वर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्यांतील कितींना याच कामाची नोकरी लागली? पहिला पगार किती? आणि एकूण खर्च त्या पगाराच्या किती महिन्यांचा? उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी मागा. जो लिहून देणार नाही, त्याला एक छदामही देऊ नका. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. ज्याला भीती वाटते तो शिक्षक नव्हे, सावकार आहे. रुग्णाची सेवा करू पाहणाऱ्या आपल्या मुलीच्या खांद्यावर पहिल्याच दिवशी सावकाराचा हात पडू द्यायचा की नाही, याचा निर्णय प्रवेशपत्रावर सही होण्यापूर्वीच झाला पाहिजे!